दिवाणाखाली पडणारं पीठ: लाकडाला बोरर का लागतो आणि तो थांबवायचा कसा

सकाळी झाडून काढलेलं असतं. संध्याकाळी बघावं तर दिवाणाच्या पायाशी पुन्हा चिमूटभर पिवळसर पीठ. बोटात धरलं की मैद्यासारखं मऊ लागतं. वर बघितलं की फळीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी दोन-चार गोल भोकं दिसतात, जणू कुणी बारीक ड्रिल मारलंय.

उन्हाळा तापायला लागला की सांगली-साताऱ्याकडच्या बऱ्याच घरांत हे दृश्य दिसतं. मग कुणी भोकांत रॉकेल सोडतं, कुणी मेण भरतं, कुणी वरून पॉलिशचा हात मारून घेतं. दोन महिने बरे जातात आणि पीठ पुन्हा सुरू होतं. औषध वाईट असतं असं नाही. किडा आत काय करतोय हे माहीत नसल्यामुळे चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी उपाय होतो.

## आधी ओळख पटवा

लाकूड खाणारे सगळे किडे लोकांच्या तोंडी ‘वाळवी’ असतात. पण आपल्याकडे घरात त्रास देणारे तिघं आहेत आणि तिघांचा इलाज वेगवेगळा.

वाळवी जमिनीतून येते. तिला ओल लागते, म्हणून ती भिंतीवर, चौकटीच्या कडेनं मातीच्या नळ्या बांधत वर चढते. ती पीठ पाडत नाही. वरचा रंग तसाच ठेवून आतून लाकूड पोकळ करते आणि आत माती भरते. लाकडावर औषध मारून वाळवी थांबत नाही. तिचा रस्ता जमिनीत आणि भिंतीच्या पायात तोडावा लागतो. खसखशीच्या दाण्यासारखे, कडक आणि नीट बघितलं तर सहा बाजूंचे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ती जास्त करून दमट किनारपट्टीवर असते, त्यामुळे कोकणातून जुनं फर्निचर आणलं असेल तर एवढं तपासून घ्या.

दुसरा भुंगा, म्हणजे तो काळा, जाडजूड, घूं घूं करत वाशाभोवती फिरणारा. तो खरं तर मधमाशीच्या कुळातला. करंगळी जाईल एवढं गोल भोक पाडून तो आत घर करतो. लाकूड खात नाही, कोरून बाहेर टाकतो. मादी आत नसताना भोक बुजवून वरून रंग दिला की बहुतेक वेळा काम भागतं.

तिसरा बोरर. सुतार आणि प्लायवूडचे दुकानदार हाच शब्द वापरतात, आपणही तोच वापरू. गहूभर लांबीचे, तपकिरी-काळे, कडक पाठीचे हे किडे. त्यांतला लिक्टस नावाचा गट एक ते दोन मिलिमीटरचं भोक पाडतो आणि त्याचं पीठ टाल्कम पावडरसारखं असतं. त्याच्या भाऊबंदांपैकी काही तीन ते सहा मिलिमीटरचं भोक पाडतात आणि त्यांचा भुसा जरा जाडसर असतो. या लेखात पुढे बोलायचं ते या तिसऱ्याबद्दल.

## बोरर लाकूड खातो म्हणजे नेमकं काय खातो?

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ठाऊक असतील. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरून वरून बंद, आणि गरज पडेल तेव्हा काढायची. झाडाचंही असंच एक पेव असतं. पानांत तयार झालेलं अन्न झाड स्टार्चच्या रूपात साठवतं. हा स्टार्च म्हणजे तांदळात, बटाट्यात असतो तोच. साठवण्याची जागा म्हणजे सालीच्या लगतचा फिकट, पांढरट भाग. मधला गडद गाभा, ज्याला जुने सुतार नार म्हणतात, तिथं झाडानं साठा संपवलेला असतो आणि उलट किड्यांना न पचणारे पदार्थ भरून ठेवलेले असतात.

लिक्टसला हवा असतो तो हा स्टार्च. म्हणून तो पांढऱ्या भागात शिरतो आणि गाभ्याच्या सीमेपाशी बहुतेक वेळा थांबतो. कपाटाची एकच फळी पिठासारखी झाली आणि शेजारची ठणठणीत राहिली, असं होतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या छिद्रांत, म्हणजे झाडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या कापलेल्या तोंडांत. ही तोंडं नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. अंड्यातून अळी निघते आणि काही महिने आतल्या आत पोखरत राहते. आपल्या हवेत हा मुक्काम साधारण तीन महिन्यांपासून वर्षभराचा असतो. अळीचा किडा झाला की तो भोक पाडून बाहेर येतो. पीठ पडतं ते तेव्हा.

म्हणजे आपल्याला दिसणारं भोक हे किडा आत शिरल्याचं नाही, निघून गेल्याचं आहे. त्या भोकात मेण भरणं म्हणजे चोर पसार झाल्यावर दाराला कुलूप लावणं. खरा प्रश्न शेजारी, भोक नसलेल्या जागी आत बसलेल्या अळ्यांचा आहे.

## “पण आमचं तर सागवान आहे”

सागाचा गाभा बोररला दाद देत नाही, हे खरं. पण सागालाही पांढरा भाग असतो आणि त्याला बोरर लागतो. वाई-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांच्या तुळया दीड-दोनशे वर्षं टिकल्या, कारण ती मोठ्या वयाच्या झाडांची, जवळजवळ सगळी गाभ्याची लाकडं होती. आज बाजारात येणारा बराचसा साग लागवडीचा, कमी वयाचा. खोड बारीक म्हणजे पांढऱ्याचं प्रमाण जास्त. लाकूड घेताना ‘साग आहे का’ एवढं विचारून भागत नाही, फळीच्या कडेला पांढरा पट्टा किती हे बघावं लागतं. पॉलिशमध्ये रंग मिसळून तो पट्टा झाकलेला असतो, म्हणून माल पॉलिशच्या आधी बघा.

आंबा, सावर, रबरवूड, शिरीष आणि बाभळीचा पांढरा भाग यांवर बोरर तुटून पडतो. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडात त्या नळ्याच नसतात, म्हणून लिक्टस तिथं अंडी घालू शकत नाही. वाळवी मात्र पाइनही खाते.

घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे. शाळेत बटाट्यावर आयोडिनचा थेंब टाकून रंग बघायचा प्रयोग असतो, तोच इथं चालतो. फळीच्या ताज्या कापलेल्या, कोऱ्या कडेवर टिंक्चर आयोडिनचा किंवा जखमेवर लावायच्या पोव्हिडोन-आयोडिनचा थेंब टाका. जागा निळी-काळी झाली तर स्टार्च भरपूर आहे, तो भाग काढून टाका किंवा औषधाशिवाय वापरू नका. रंग बदलला नाही म्हणजे हमीच मिळाली असं नाही, पण धोका कमी.

## जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत तरी सुटका आहे का?

वाळवीपासून थोडीफार. बोररपासून नाही. लिक्टस आठ टक्के ओलाव्याच्या, म्हणजे आपल्या दृष्टीनं खडखडीत वाळलेल्या लाकडातही जगतो. महाबळेश्वर, पाटणकडे पावसाळ्यात लाकूड ओलावतं, तिथं बोररच्या जोडीला बुरशी आणि वाळवीही येते, म्हणून तिकडचं नुकसान जास्त दिसतं इतकंच.

## आत कुणी जिवंत आहे का?

औषधावर पैसे घालण्याआधी एवढं बघा. जुन्या, रिकाम्या बोगद्यांतूनही धक्का लागला की भुसा गळतो, म्हणून नुसतं पीठ दिसणं पुरावा ठरत नाही.

सगळी भोकं ब्रशनं झाडून घ्या. प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीनं गोल काढा किंवा सगळ्यांवर मिळून पातळ कागद खळीनं चिकटवा. खाली काळा कागद अंथरा. महिनाभर त्या वस्तूला हलवू नका. गोल न काढलेलं नवं भोक दिसलं, कागदाला आतून छिद्र पडलं, किंवा न हलवता पिठाची ढिगुळी तयार झाली, तर कीड जिवंत आहे. नव्या भोकाच्या आतला रंग ताज्या कापलेल्या लाकडासारखा फिकट असतो आणि कड धारदार असते. जुनं भोक आतून मळकट दिसतं. ही तपासणी मार्च ते जुलैमध्ये करावी, किडे बाहेर पडतात ते मुख्यतः उबेच्या दिवसांत. संध्याकाळी खिडकीच्या काचेवर किंवा ट्यूबलाइटखाली लांबट तपकिरी किडे मरून पडलेले दिसले तर तीही खूण.

हे किडे माणसाला चावत नाहीत आणि रोग पसरवत नाहीत. पण एका वस्तूतून दुसरीत जातात का? हो, उडून जातात, जर दुसऱ्या वस्तूचं लाकूड उघडं आणि स्टार्चचं असेल तर.

## कोऱ्या लाकडाला: टाकणखार आणि बोरिक

घरगुती उपायांत भरवशाचा आणि स्वस्त असा हाच. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळताना वापरतात तोच. बोरिक म्हणजे कॅरमबोर्डावर टाकतात ती पावडर, पण सुगंध वगैरे मिसळलेली नको, रसायनांच्या दुकानातून शुद्ध घ्या. दोन्ही मिळून लाकडात मुरतात आणि अळीनं ते लाकूड खाल्लं की तिची पचनक्रिया बंद पडते.

एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक. प्लास्टिकच्या बादलीत, लाकडी दांड्यानं, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. तळाला पांढरा थर बसला तर पाणी गार झालंय, पुन्हा गरम करा. ही बादली परत स्वयंपाकघरात न्यायची नाही.

ब्रशनं भरपूर लावायचं. पहिला हात शोषला गेला की लगेच दुसरा, मग तिसरा. कापलेल्या टोकांवर चार-पाच हात द्या, कारण नळ्यांची तोंडं तिथं उघडी असतात आणि लाकूड तिथूनच सगळ्यात जास्त पितं. १०० चौरस फुटांना एका हाताला साधारण दोन लिटर लागतं. म्हणजे तीन हातांना सहा लिटर पाणी, ३६० ग्रॅम टाकणखार, २४० ग्रॅम बोरिक. शेवटच्या हातानंतर रात्रभर प्लास्टिकनं झाकून ठेवा, म्हणजे पाणी उडून जाण्याआधी औषध आत उतरतं. मग आठवडाभर सावलीत वाळवा. वर पांढरी पूड जमते, ती ओल्या फडक्यानं पुसा. हे न करता पॉलिश मारलं की पांढरे डाग धरतात आणि पॉलिश सुटतं.

इथं दोन ठिकाणी चुकतं. पहिली चूक म्हणजे व्हार्निश, रंग किंवा सनमायकावरून औषध मारणं. पाण्यातलं औषध त्यातून आत जात नाही, आधी सँडपेपरनं लाकूड उघडं करावं लागतं. दुसरी म्हणजे दारं-खिडक्यांच्या बाहेरच्या बाजूला मारून तसंच सोडणं. पावसानं हे औषध धुऊन जातं. ते घराच्या आतल्या कामासाठी, आणि वरून पॉलिश किंवा रंग हवाच.

लावल्यावरही काही महिने थोडं पीठ पडू शकतं. खोल बसलेली अळी औषधाच्या थरापर्यंत पोचायला वेळ लागतो. ती बाहेर येताना हा थर कुरतडते तेव्हा मरते, आणि नवी अंडी फुटून निघालेल्या अळ्या जगत नाहीत. वर्षभर नजर ठेवा, दर उन्हाळ्यात नवी भोकं मोजा.

हातमोजे घाला, मुलांना आणि गरोदर बाईला या कामापासून लांब ठेवा. बोरिक पोटात जाणं घातक आहे. पोळपाट, परात, काठवट यांना हे लावायचं नाही.

## पॉलिश केलेल्या वस्तूला: सुई

कोरीव झोपाळा किंवा आजीचं कपाट खरवडायला मन होत नाही. तिथं भोकांतूनच औषध सोडावं लागतं. दुकानात तयार मिळणारं, तेलात बनवलेलं लाकूडरक्षक घ्या, घटकांत परमेथ्रिन लिहिलेलं असतं. इंजेक्शनच्या सिरिंजनं दर तीन-चार इंचांवरच्या एका भोकात दोन-तीन मिलिलिटर हळूहळू सोडा. चष्मा लावल्याशिवाय हे करू नका. आत बोगदे एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एका भोकात दाब दिला की दुसऱ्यातून चिळकांडी सरळ डोळ्यावर येते. दोन दिवस खोली उघडी ठेवा, जवळ दिवा-उदबत्ती नको. घरात मांजर असेल तर तिला वास जाईपर्यंत आत येऊ देऊ नका, परमेथ्रिन मांजराला विषारी आहे. मेण भरायचं ते हे झाल्यावर. पुढे नवं भोक पडलं तर ते लगेच ओळखू येतं, हा मेणाचा खरा उपयोग.

वाळवीवर मारतात ते क्लोरपायरीफॉस पलंगाला, पाळण्याला वापरू नये.

नुसतं रॉकेल? ते ज्या किड्याला लागेल तो मरतो, पण चार दिवसांत उडून जातं आणि मागे काही राहत नाही. डांबरगोळ्या, धूप, कडुलिंबाचा पाला लाकडाच्या आत पोचतच नाही.

## माडी, तक्तपोशी, तुळया

लाकडी जमिनीचं काम वरून नाही, खालून तपासायचं. कडीपाटाच्या माडीला वरच्या बाजूनं वापरानं गुळगुळीतपणा आलेला असतो, पण खालची बाजू आणि फळ्यांमधल्या फटी कोऱ्याच असतात. अंडी तिथं पडतात. खालच्या खोलीतून शिडी लावून बॅटरीचा झोत फळीला समांतर धरा. तिरप्या उजेडात बारीक भोकांची सावली पडते, समोरून न दिसणारी भोकंही तशी दिसतात.

मग टोच्या घ्या. तुळईच्या कडेला आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकाला टोचून बघा. कड अर्धा इंच भुसभुशीत आणि आत टणक लागली तर पांढरा भाग खाल्ला गेलाय आणि गाभा शाबूत आहे. तेवढं तासून काढा, औषध मारा, तुळई राहू द्या. टोच्या एक इंचाहून जास्त सहज शिरला, किंवा भिंतीजवळचं टोक ओलं आणि मऊ लागलं, तर औषधाआधी खाली टेकू द्या आणि बांधकामातला जाणकार बोलवा. मातीच्या भिंतीतलं टोक बहुतेक वेळा बोररनं नाही, छताच्या गळतीनं आणि वाळवीनं जातं, त्यामुळे कौलं दुरुस्त केल्याशिवाय तिथल्या कुठल्याही औषधाचा उपयोग नाही.

खालून मारताना वायरिंगचा मेन स्विच बंद ठेवा.

पूर्वी माळ्यावरचा बांबू, वासे चुलीच्या धुरात राहायचे. धूर लाकूड कोरडं ठेवायचा आणि वर काजळीचा थर चढवायचा. गॅस आला, चूल गेली, लाकूड मात्र तेच उघडं राहिलं. त्याला आता आपणच थर द्यायला हवा.

## ऊन, फ्रीज आणि मिरजेची वाद्यं

लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५५ अंशांच्या वर उष्णता तासभर टिकली तर अळ्या मरतात. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पाट किंवा चौरंग पत्र्यावर ठेवला तर पातळ लाकूड तेवढं तापू शकतं. इंचाहून जाड असेल तर भरवसा नाही, आणि डिंकानं किंवा सरसानं जोडलेलं असेल तर सांधे उघडतात. लहान वस्तूंना, म्हणजे देवघरातल्या मूर्तीला, पेटीला, थंडी बरी. प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट बांधा, उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी धरतं.

मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांना वरचा एकही उपाय घरी करू नका. तूनचं लाकूड, वाळलेला भोपळा आणि नाजूक जोड यांना उष्णता, थंडी, पाणी सगळंच बाधतं. कीड भोपळ्यालाही लागते. पीठ दिसलं की वाद्य वेगळ्या खोलीत ठेवून थेट कारागिराकडे न्या.

## धान्यातल्या गोळ्या कधीही नाही

कपाटात किंवा बंद खोलीत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजे धान्य साठवणीतल्या विषारी गोळ्या ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं मरतात. या वायूला उतारा नाही. कायद्यानंही या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित, परवानाधारक माणसांपुरता आहे.

## अमावस्येला तोडलेलं लाकूड किडत नाही, हे खरं का?

यात अर्धं सत्य आहे. तोडण्याची वेळ महत्त्वाची आहे, पण चंद्रापेक्षा ऋतू मोठा. बांबूचं उदाहरण स्पष्ट आहे: पावसाळ्यात नवे कोंब काढण्यात त्याचा साठा खर्च होतो, म्हणून पावसाळा संपताना आणि हिवाळ्याच्या तोंडाला तोडलेल्या बांबूत स्टार्च कमी. उन्हाळ्यात तोडलेला बांबू स्टार्चनं भरलेला, तो काही महिन्यांत पिठासारखा होतो. औतासाठी तोडलेली बाभूळ ओढ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवायची पद्धतही शहाणपणाची आहे, पाण्यात स्टार्च कुजून-विरघळून जातो.

## नवं फर्निचर करताना

सगळ्यात स्वस्त वेळ ही. कापलेले तुकडे जोडण्याआधी सुताराकडून वरचं टाकणखाराचं पाणी सगळ्या बाजूंना लावून घ्या. जोडल्यावर खाचेच्या आत ब्रश पोचत नाही. पॉलिशही तळाला, पाठीला, ड्रॉवरच्या आतल्या बाजूला मागून घ्या. दिसत नाही म्हणून कोरा सोडलेला भाग म्हणजे अंड्यांसाठी उघडं दार. पॉलिशनं नळ्यांची तोंडं बंद होतात, म्हणून ते आधी केलं तर बचाव आहे. कीड आत असताना केलं तर ती तेच पॉलिश फोडून बाहेर येते, सनमायकाही फोडते.

प्लायवूडवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असेल तर त्या मानकात लाकडावर कीडरोधक प्रक्रिया बंधनकारक आहे. ‘बोरर-प्रूफ’ची वॉरंटी असेल तर ती फक्त प्लायच्या शीटच्या किमतीची आहे की मजुरीचीही, हे घेतानाच वाचा. कापलेल्या कडा एजबँड, म्हणजे कडेची पट्टी, लावण्याआधी औषधानं भिजवा.

आणि कृष्णाकाठच्या घरांसाठी एवढं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जे फर्निचर पाण्यात राहिलं, त्यातलं आधीचं बोरॅक्स बऱ्यापैकी धुऊन गेलेलं असतं. पुन्हा तशी वेळ आली तर गाळ ओला असतानाच धुवा, मागचं प्लाय काढा, विटांवर उचलून सावलीत ठेवा. उन्हात टाकलं की फळ्या वाकतात. बोरॅक्स लावायला लाकूड पूर्ण वाळायची वाट बघू नका. लाकूड आतून ओलं असतं तेव्हा हे औषध पाण्याच्या वाटेनं कोरड्या लाकडापेक्षा जास्त खोल जातं. वरचं पाणी निथळलं की जिथं लाकूड कोरं आहे किंवा पॉलिश सुटलंय तिथं तीन हात द्या, प्लास्टिकनं दोन दिवस झाका, आणि मग चार-सहा आठवडे सावकाश वाळू द्या.